भांडणं माणसांची की कामाच्या मांडणीची? : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांमध्ये पगाराबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त लिहून आलं आहे. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं कामात लक्ष नाही, कोण चार महिन्यांत सोडून गेलं. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात झाली आणि आता मी लहान उद्योगांना सल्ला देते. अशा तक्रारींत माणसाचा स्वभाव तपासण्याआधी मी एक गोष्ट बघते: त्याच्या वाट्याला कामाचा कोणता तुकडा आलाय, आणि तो तुकडा पुढे कोणाच्या हातात जातो. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. नावं आणि कंपन्या काढून टाकल्या आहेत.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं वायरिंग हार्नेसचं (गाडीतल्या वायरींच्या तयार जुडग्यांचं) युनिट आहे. पंचवीसेक महिला ऑपरेटर आहेत. कटिंग-क्रिम्पिंग (वायर कापून तिच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवणं) एका बाजूला, मग बोर्डवर असेंब्ली, मग टेपिंग, शेवटी टेस्टिंग. दिवाळीला बोनस व्यवस्थित देतो, सहल काढतो, दर महिन्याला एकीचा 'उत्कृष्ट कामगार' म्हणून फोटो लावतो. तरी मुली टिकत नाहीत. क्रिम्पिंगच्या आणि टेस्टिंगच्या बायका तर डबासुद्धा एकत्र खात नाहीत. एकाने सुचवलंय की मोटिव्हेशनल स्पीकर बोलवा. बोलावू का?

त्या पैशांत आधी क्रिम्पिंगच्या टेबलावर एक मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घेणारं साधन, ठेवा. मग पुढचं वाचा.

क्रिम्पिंगला बसलेल्या बाईला आपण बसवलेलं टर्मिनल बरोबर बसलंय की नाही हे कधी कळतं? तुमच्या मांडणीवरून माझा अंदाज असा, की ते तिला टेस्टिंगला हार्नेस फेल झाल्यावर कळतं. तेही सुपरवायझर तावातावाने येतो तेव्हा. तोवर तिने त्याच सेटिंगवर कित्येक वायरी केलेल्या असतात. इकडे टेस्टिंगच्या बाईचे नग अडतात, दुरुस्तीचं काम (रिवर्क) तिच्या टेबलावर साठतं, ओव्हरटाइमला थांबावं लागतं, घरी मूल शाळेतून आलेलं असतं. ती क्रिम्पिंगवालीवर चिडणार नाही तर कोणावर? आणि क्रिम्पिंगवालीला वाटणार, ही मुद्दाम माझीच चूक काढते. यात दोघींच्याही स्वभावात खोट नाही. चूक जिथे होते आणि चूक जिथे दिसते, त्यामध्ये तुम्ही दोन टेबलं आणि एक सुपरवायझर ठेवलाय. डबे तिथे वेगळे झाले.

हे भोसरीपुरतं आहे असं समजू नका. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ या दोन अभ्यासकांनी १९५१ साली इंग्लंडच्या कोळसा खाणींबद्दल हेच लिहून ठेवलं. पूर्वी खाणीत चार-दोन माणसांचा जुळलेला गट कोळसा फोडण्यापासून बाहेर काढण्यापर्यंत सगळं करायचा. नवी यंत्रं आली आणि कामाचे तीन पाळ्यांत तीन तुकडे झाले: एका पाळीने कापायचं, दुसरीने कन्व्हेयर पुढे सरकवायचा, तिसरीने भरायचं. आधीच्या पाळीचं अर्धवट राहिलेलं पुढच्या पाळीच्या डोक्यावर यायचं, आणि तो माणूस तर घरी निघून गेलेला. गैरहजेरी आणि एकमेकांवर खापर फोडणं, दोन्ही वाढलं. माणसं तीच होती. बॅमफोर्थ स्वतः अनेक वर्षं खाणीत काम केलेला माणूस होता, त्यामुळे त्या लिखाणाला खाणीतल्या माणसाची नजर आहे.

आता तुमच्याकडे काय करायचं ते सांगते. क्रिम्पची उंची मोजणं आणि वायर ओढून पाहण्याची पुल टेस्ट हे तुमच्याकडे बहुतेक क्वालिटीचा मुलगा सेटिंगच्या वेळी करतो. ते ऑपरेटरच्याच हातात द्या. दर लॉटच्या सुरुवातीला आणि मध्ये ठरलेल्या अंतराने तिने मोजायचं, तिने लिहायचं, आणि माप बाहेर गेलं तर मशीन तिने थांबवायचं. कोणाला विचारायचं नाही. हा शेवटचा अधिकार दिला नाही तर बाकीचं देऊ नका. मग तो फक्त वाढीव कागद होतो.

यामागे एक हिशेब आहे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० च्या दशकात तो मांडला. काम माणसाला आतून धरून ठेवतं ते पाच गोष्टींमुळे: कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, एखादी वस्तू सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपली म्हणता येते का, त्या कामाने कोणाचं काही बरं-वाईट होतं का, आपल्याला ठरवायला काही आहे का, आणि काम कसं झालं हे त्या कामातूनच कळतं का. पहिल्या तिन्हींची ते सरासरी घेतात, पण शेवटच्या दोन्हींचा तिला गुणाकार करतात. म्हणजे ठरवण्याची मोकळीक किंवा कामातून मिळणारी खबर, यातलं एक जरी तळाला असलं तरी बाकीच्यांचं मोल घसरतं. तुमच्याकडे दोन्ही तळाला आहेत. सहल काय, फोटो काय, या पाचात कुठेच बसत नाहीत.

तो 'उत्कृष्ट कामगार'चा फोटो भिंतीवरून उतरवाच. ज्या कामात एकीचं काम दुसरीच्या कामावर उभं आहे, तिथे महिन्याला एकीचा फोटो लावला की बाकीच्या सगळ्या हिशेब मांडत बसतात. माझं हे मत ऐकून मालक नाराज होतात, पण मी ते बदललेलं नाही.

दुसरं, एकच लांब लाइन चालवण्याऐवजी चार-पाच जणींचे गट करून बघा. एका गटाने एका मॉडेलचा हार्नेस बोर्डपासून टेस्टिंगपर्यंत न्यायचा. क्रिम्पिंगची प्रेस महाग असते, प्रत्येक गटाला देता येणार नाही हे मला कळतं. म्हणून प्रेस सामाईक ठेवा, पण प्रत्येक गटातली एक जण तिथे आपल्याच गटाच्या वायरी करेल असं लावा. कोणी किती वेळ कुठे बसायचं ते गटाने ठरवायचं. हार्नेसवर गटाचा रंगीत स्टिकर लावा. चाकणहून ग्राहकाची तक्रार आली तर ती सुपरवायझरकडे न नेता त्या गटाच्या टेबलावर न्या, सदोष नगासकट. नग हातात घेऊन बघितल्यावर बायका जे सांगतात ते तुमच्या क्वालिटीच्या रिपोर्टमध्ये सापडत नाही, हे मी अनेक कारखान्यांत पाहिलंय.

आपल्याकडे हे चालणार नाही असं तुम्हाला कोणी सांगेल. त्याला अहमदाबादचं सांगा. ए. के. राइस या ब्रिटिश अभ्यासकाने १९५३ मध्ये कॅलिको मिलच्या ऑटोमॅटिक मागांच्या शेडमध्ये हेच करून पाहिलं. आधी प्रत्येक कामगाराकडे एक बारीक काम असायचं. कोणी कांड्या भरणारा, कोणी तुटलेला धागा जोडणारा, कोणी तेल घालणारा. सगळे सगळ्या मागांवर फिरायचे, आणि कोणत्याच मागाचं पूर्ण काम कोणाकडे नव्हतं. मग छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला ठराविक माग दिले. कल्पना मांडल्यावर गट कसे करायचे ते कामगारांनी स्वतःच पुढे होऊन ठरवलं. उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं.

आता तुमच्या सुपरवायझरबद्दल, कारण खरी अडचण तिथे येईल. आतापर्यंत त्याचं काम चुका पकडणं आणि माणसं हलवणं हे होतं. ते दोन्ही तुम्ही काढून घेताय. त्याला दुसरं काही दिलं नाही तर महिन्याभरात तो सगळं जुन्या जागी आणून ठेवेल, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कनेक्टर आणि टेप वेळेवर येणं, बोर्डच्या पिना झिजल्या की बदलणं, नव्या मुलीला शिकवण्याचा पहिला आठवडा हे त्याच्याकडे द्या. चांगल्या सुपरवायझरला हे आवडतं. रोज आरडाओरड करायची हौस फार थोड्यांना असते.

पहिले काही आठवडे नग कमी निघतील. डिस्पॅचचा ताण असलेल्या महिन्यात हे सुरूच करू नका. आणि एक-दोघी म्हणतील, मला फिरायचं नाही, मला टेपिंगच बरं. त्यांना टेपिंगच करू द्या. कामातून वाढण्याची ओढ प्रत्येकाला सारखी नसते, हे हॅकमन-ओल्डहॅम यांनीही मान्य केलंय. घरी दोन आजारी माणसं असलेल्या बाईला कारखान्यातलं एकसुरी काम विसावा वाटू शकतं. तिला विचारून ठरवा.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज आहे. तीस खाटा. सकाळच्या पाळीत एक सिस्टर सगळ्यांची इंजेक्शनं देते, एक बीपी-टेंपरेचर बघते, एक ड्रेसिंग करते, एक फाइली लिहिते. काम भरभर उरकतं. पण नातेवाइकांनी विचारलं, "सिस्टर, सलाईन कधी काढणार?" तर प्रत्येकीचं उत्तर एकच, "ते माझ्याकडे नाही." सिस्टर आणि मावशी यांच्यात रोज खटके. मुली कंटाळून सोडून जातात आणि मॅनेजमेंट म्हणतं, तुम्हाला माणसं सांभाळता येत नाहीत.

"ते माझ्याकडे नाही" असं त्या म्हणतात आणि खरंच बोलतात. तुमच्या वॉर्डात इंजेक्शनं, बीपी आणि ड्रेसिंग वाटून दिलंय. पेशंट कोणाच्या वाट्याला आलेला नाही.

नर्सिंगमध्ये हा प्रश्न जुना आहे आणि त्यावरचं उत्तरही नर्सनीच शोधलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६०च्या दशकाच्या शेवटी मेरी मँथी आणि तिच्या सहकारी नर्सनी एका वॉर्डात पद्धत बदलली. दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत एका पेशंटच्या शुश्रूषेची आखणी एकाच नर्सच्या नावावर. ती पाळीवर नसेल तेव्हा दुसरीने काम करायचं, पण तिने आखल्याप्रमाणे. याला प्रायमरी नर्सिंग म्हणतात. तुमच्या प्रशिक्षणात हे शिकवलेलंही असेल. पण परीक्षेनंतर वॉर्डात आल्यावर ते मागे पडतं.

आपल्याकडच्या मनुष्यबळात पूर्ण प्रायमरी नर्सिंग जमायचं नाही. पण सकाळ आणि दुपारच्या पाळीत खाटा वाटणं जमतं. तीस खाटा चौघींत सात-आठ येतात. त्या खाटांचं इंजेक्शन, बीपी, ड्रेसिंग, फाइल आणि नातेवाइकांशी बोलणं सगळं त्या एकीचं. आठवडाभर त्याच खाटा तिच्याकडे ठेवा, रोज बदलू नका. रोज बदललं तर फक्त तुकडे करण्याची पद्धत बदलेल. गंभीर पेशंट एकीच्याच वाट्याला येणार नाहीत हे मात्र तुम्हाला रोज बघावं लागेल. रात्री दोघीच असतील तर जुनी पद्धत राहू द्या. त्यात कमीपणा नाही. आणि जिथे दोघींनी तपासायचं असा नियम आहे, म्हणजे इन्सुलिन, रक्त चढवणं, कुलपातली औषधं, तिथे हात लावू नका. मोकळीक दिली म्हणून दुसरी नजर काढून घ्यायची नसते.

पाळी बदलतानाचं सांगणं-सवरणं काउंटरवर न करता खाटेजवळ करा. जाणारी, येणारी आणि पेशंट असे तिघेही तिथे असतात. "सलाईन दोन वाजता संपेल, मग काढायचं" हे पेशंटसमोर बोललं गेलं की नातेवाइकांचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात, आणि आधीच्या पाळीने काही अर्धवट ठेवलं असेल तर तेही जागेवर कळतं.

मावशींचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मावशीला आत्ता चौघी जणी हाका मारतात. एकीने बेडपॅन सांगितलं, दुसरीने चादर, तिसरी म्हणते एक्स-रेला ने. कोणाचं आधी करायचं हे ती ठरवते, आणि मग जिचं राहिलं ती चिडते. एक मावशी आणि दोन सिस्टर असा जोड लावा, त्यांच्याच खाटांसाठी. सकाळच्या राउंडनंतर पाच मिनिटं तिला सोबत उभं करा. आजोबांना आज पहिल्यांदा चालवायचं आहे हे तिला आधी माहीत असलं, तर ती वॉकर शोधून ठेवते. पेशंट रात्रभर जागा होता, जेवण तसंच परत गेलं, मुलगा दोन दिवस आलेला नाही हे आधी मावशीला कळतं. ते कोणी विचारतच नाही.

मॅनेजमेंटला सांगायला, आता किती मुली सोडून जातात आणि नातेवाइकांच्या किती लेखी तक्रारी येतात हे आजच लिहून ठेवा. एका बाजूच्या पंधरा खाटांवर सुरू करा, दुसरी बाजू जुन्या पद्धतीने चालू द्या. तीन महिन्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलायला जा.

प्रश्न : चाकणच्या कंपनीत आहे. कायम कामगार आणि कंत्राटी मिळून आमची लाइन आहे. कंपनीने 'मल्टिस्किलिंग' आणलं. पूर्वी एक मशीन बघायचो, आता दोन. शिवाय साफसफाई, फाइव्ह-एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीचे) फोटो, शिफ्टचा रिपोर्ट. पगार तोच. एचआरचे साहेब म्हणतात, कामात विविधता आली की कामगार खूश राहतो, असं शास्त्र आहे. ताई, हे खरंच शास्त्र आहे का?

नाही. आणि ज्या माणसाच्या नावावर हे खपवलं जातं, त्यानेच याला नकार दिलाय.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून सांगितलं होतं, की पगार, कामाची जागा, कंपनीची धोरणं या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाराज होतो, आणि काम करण्याची उमेद मात्र कामातूनच येते: काही जमवल्याचं समाधान, जबाबदारी, पुढे जाण्याची वाट. पुढे १९६८ मध्ये त्यांनी स्पष्ट फरक केला. एका कंटाळवाण्या कामाला दुसरं कंटाळवाणं काम जोडणं म्हणजे आडवं ओझं. उभी वाढ म्हणजे वरच्या माणसाकडचे काही निर्णय खाली येणं. दुसऱ्या मशीनचं बटण आणि झाडू हे आडवं ओझं झालं.

हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती मला पटते. मुलाखतीत माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अडचणींचा दोष कंपनीला. पण त्यांचं म्हणणं जसंच्या तसं धरलं तरी पगार बाजूला ठेवा असा अर्थ त्यातून निघत नाही. पगार अपुरा असेल तर नाराजी आहेच, आणि नाराज माणसाला कामातली गंमत दाखवणं बरोबर नाही. तुमच्या लाइनवर एकाच मशीनवर कायम आणि कंत्राटी शेजारी उभे आहेत, काम सारखं आणि पगार वेगळा. तिथे सलोख्याच्या कार्यशाळा घेऊन काय उपयोग?

साहेबांशी बोलताना दुसरं एक नाव सांगा. रॉबर्ट कारासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांच्या माहितीवरून दाखवलं, की ज्या कामात मागणी जास्त आणि ठरवण्याची मुभा कमी, तिथे माणसावर मानसिक ताण सर्वांत जास्त येतो. मागणी जास्त असूनही मुभा असेल तर माणूस त्यातून शिकतो. तुमची मागणी दुप्पट झाली. मुभा किती वाढली?

म्हणून मीटिंगला "आम्हाला हे नको" असं म्हणून जाऊ नका, कारण मल्टिस्किलिंग हे मुळात कामगाराच्या फायद्याचं होऊ शकतं. चार मशीन येणारा माणूस एका मशीनवाल्यापेक्षा कुठेही चांगला उभा राहतो. तीन गोष्टी लेखी मागा. नवं कौशल्य शिकल्यावर ग्रेड आणि त्याचा पगार काय, हे कंत्राटी मुलांसकट. दुसरं, कोणते निर्णय लाइनवर आले: टूल कधी बदलायचं, मशीन कधी थांबवायचं, रिलीफ कोणाला आधी द्यायचा. तिसरं, शिफ्टचा रिपोर्ट वाचतो कोण, आणि त्यात लिहिलेल्या अडचणीचं काय झालं हे किती दिवसांत कळेल. रिपोर्टला उत्तर येत नसेल तर ते लिहिणं बंद करायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि हे करारात घाला. चांगली मांडणीसुद्धा साहेब बदलले की मोडते. स्वीडनमध्ये व्होल्वोने १९७४ साली काल्मारला असा कारखाना काढला की ज्यात धावती लाइन नव्हती, कामगारांचे गट गाडीचा मोठा भाग स्वतः जोडायचे. पुढे उद्देवाल्लाला तर छोटे गट जवळजवळ पूर्ण गाडी बांधत. जगभरातून लोक बघायला यायचे. मंदी आली आणि १९९३-९४ मध्ये दोन्ही कारखाने बंद झाले. ते चांगले होते की महाग होते यावर अजून वाद आहे. पण बंद करण्याचा निर्णय त्या गटांनी घेतलेला नव्हता.

प्रश्न : ताई, कोथरूडला माझं पोळीभाजी केंद्र आहे. सहा जणी आहेत माझ्याकडे. भाजीला सगळ्या तयार, पोळीला कोणी नाही. पोळ्यांना मी नगावर पैसे देते, भाजीवालीला रोजाने. डबे भरायच्या वेळी पोळीवाल्या जागच्या हलत नाहीत, मग भाजीवाली बोलते, मग रडारड. उन्हाळ्यात तर दोघी येईनाशाच होतात.

ताई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. पोळीवालीला नगावर पैसे आहेत. ती डबे भरायला उठली की तिचे पैसे बुडतात. भाजीवालीचे बुडत नाहीत. मग पोळीवाली का उठेल? आधी सगळ्यांना एकाच पद्धतीने पैसे द्या. रोजंदारी ठरवा, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त डबे गेले तर वरचे पैसे सहाजणींत सारखे वाटा. कणीक मळणं, भाजी निवडणं, डबे भरणं, तवे घासणं ही कामं पोळ्या मोजताना दिसत नाहीत, पण दुकान त्यावरच चालतं.

मग उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातपासून अकरापर्यंत एकीलाच तव्यासमोर ठेवू नका. लाटणारी आणि भाजणारी अशी जोडी असते, ती त्यांची त्यांना ठरवू द्या, आणि तासाभराने जागा बदला. तव्यामागे एक्झॉस्ट नसेल तर या उन्हाळ्याआधी बसवा. पंख्याची हवा सरळ गॅसवर येते म्हणून तो बंद ठेवावा लागतो, हे मला ठाऊक आहे.

भाजी सगळ्यांना का हवी, हेही बघा. "आज वांग्याची भाजी फक्कड झाली होती" असं गिऱ्हाईक म्हणतं आणि ते भाजीवालीला कळतं. पोळी मऊ राहिली तर कोणी काही म्हणत नाही, कडक झाली तरच तक्रार येते. संध्याकाळी डबा परत द्यायला येणाऱ्या मुलांना विचारा, पोळी कशी होती, आणि ते आत जाऊन ज्या जोडीने केली तिला सांगा. परत आलेल्या डब्यांत काय उरलंय ते सगळ्यांनी मिळून पाच मिनिटं बघा आणि पुढच्या आठवड्याच्या भाज्या तिथेच ठरवा. तुम्ही एकट्याने ठरवू नका.

एखाद्या मावशींना पोळीच करायची असेल, बसून, शांतपणे, तर त्यांना तीच करू द्या. फक्त पगार तोच ठेवा.

प्रश्न : मी हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टला आहे, वय चोवीस. अमेरिकेच्या क्लायंटची तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी), रात्रीची पाळी. पहिल्या पातळीवर जमतं ते सोडवते, बाकी पुढे पाठवते. पुढे त्याचं काय झालं कळत नाही. दुसऱ्या पातळीची टीम आम्हाला "कॉपी-पेस्टवाले" म्हणते. मॅनेजरला मांडणी बदलायचा अधिकार नाही असं तो म्हणतो. मी राजीनामा द्यावा का?

इतक्यात नको. तुझ्या हातात थोडं आहे, ते आधी वापर.

एमी झेस्नेव्हस्की आणि जेन डटन या अमेरिकी अभ्यासकांनी २००१ मध्ये लिहिलं, की वरून कोणी बदललं नाही तरी माणसं आपल्या कामाची हद्द स्वतः थोडी थोडी सरकवतात. त्यांनी बघितलेल्या लोकांत रुग्णालयातले सफाई कामगार होते. काहींसाठी काम म्हणजे फरशी पुसणं एवढंच होतं. काहीजण पेशंटच्या बरं होण्यात आपला हात आहे असं धरून चालत, कोणाशी दोन शब्द बोलत, काय हवं-नको बघत. नेमणुकीचं पत्र दोघांचं सारखंच.

तू पुढे पाठवलेली तिकिटं महिनाभर एका वहीत लिहून ठेव: तक्रार काय होती आणि तुला वाटलेलं कारण काय. आठवड्यातून एकदा दुसऱ्या पातळीच्या एकाला, ज्याच्याशी बरं बोलणं आहे अशाला, त्यातली दोन-तीन दाखव आणि विचार, शेवटी काय निघालं? असा माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. महिन्याभरात तुला दिसेल की काही तिकिटं तुझ्याकडेच सुटू शकतात. ती यादी घेऊन मॅनेजरकडे जा. तुझ्या मॅनेजरला मांडणी बदलायचा अधिकार नसेल, पण "या प्रकारची तिकिटं पहिल्या पातळीवर बंद करू द्या" एवढं म्हणायचा असतो, कारण त्याचेही आकडे त्याने सुधारतात.

दुसरं, ज्यांच्यासाठी काम करतेस त्यांना एकदा तरी बघ. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याला त्यांच्यातले काहीजण थोडा वेळ भेटले, एवढंच. महिन्याने ती मुलं पूर्वीपेक्षा दुपटीहून जास्त वेळ फोनवर दिसली आणि देणग्याही वाढल्या. तुझ्या क्लायंटकडे तिकीट टाकणारी बाई कुठल्यातरी गोदामात किंवा दवाखान्यात बसली असेल. मॅनेजरला सांग, महिन्यातून एका कॉलवर मला फक्त ऐकायला बसू दे.

हे तीन-चार महिने करून बघ. वही भरली, यादी दिली, तरी कोणी काही हलवलं नाही, तर दुसरी नोकरी शोध. मुलाखतीत ती वही काढ, कारण तुला काय येतं हे त्यातून नीट दिसेल. रात्रीच्या पाळीबद्दल मात्र वाट बघू नकोस. झोप आणि मासिक पाळी बिघडली असेल तर डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा, आणि दिवसाची पाळी लेखी माग.